अडकलेली नळी

गुणाबाईनं तांब्यातलं कोमट पाणी पितळी नळीवर धारेनं सोडलं, तांब्या बाजूला ठेवला आणि नळीची आडवी दांडी दोन्ही हातांनी धरली. समोर पाटावर भरमा बसला होता. ट्रॉम्बोनचा, म्हणजे फुंकून वाजवायच्या लांब पितळी बाजाचा, उरलेला भाग त्यानं पोटाशी घट्ट धरला होता. एकीत एक सरकायच्या नळ्या, पण कित्येक वर्षं न वापरल्यानं त्या एकमेकींना धरून बसल्या होत्या.

"सरळ ओढ," तो म्हणाला. "तिरकं गेलं तर वाकंल."

"सरळच ओढाय लागलेय."

नळी हलली नाही.

लग्न झालं त्याच वर्षी भरमा पलटणीत भरती झाला आणि बेळगावच्या कॅम्पातल्या बँडात वाजवू लागला. पुढं पलटण लढाईवर गेली. बाजे मागं कोठीत राहिले आणि बँडवाल्यांच्या हाती जखमी वाहून न्यायची स्ट्रेचरं आली. शेचाळीस साली तो वडगावला परतला तेव्हा पलटणीनं मोडीत काढलेला हा ट्रॉम्बोन त्याच्या खांद्यावर होता. तो त्यानं माळ्यावर ठेवून दिला आणि बापाच्या मागावर लुगडी विणायला बसला. गुणाबाई सुताच्या कांड्या भरून देई, तो विणी. जेवायला वाढ म्हणण्यापलीकडं तो फारसं बोलत नसे. तीही काही विचारत नसे. नवरा म्हणून तिला तो लग्नापुरताच माहीत होता.

शहापूरच्या आण्णाप्पाचा लग्नाचा बँड होता. वाजवायला ये, म्हणून तो भरमाच्या मागं लागला होता. "बाजा ने," भरमानं शेवटी सांगितलं होतं, "वाजवायला माणूस दुसरा बघ." आज दुपारी आण्णाप्पा बाजा न्यायला येणार होता.

गुणाबाईनं पुन्हा पाणी घातलं, ह्या वेळी फक्त बाहेरच्या नळीवर, जरा जास्त ऊन. मग तिनं त्याच्या पाटाला पाय लावला आणि अंग मागं टाकलं. नळी एकदम सुटली. गुणाबाई पाठीवर पडली, नळी छातीशी तशीच धरलेली.

भरमा हातातलं टाकून उठला.

"लागलं का गं?"

"वाकली न्हाय," ती पडल्या पडल्या म्हणाली.

तो हसला. त्याचं हसणं असं असतं, हे तिला आज कळलं.

तिनं मागाच्या सुताला फडक्याची पट्टी बांधली, सुताच्या टोकाला लहानसा खडा बांधून तो नळीत सोडला आणि दुसऱ्या तोंडानं हळूहळू ओढून घेतला. फडकं हिरवंकाळं होऊन बाहेर आलं.

"किती वर्सांची घाण म्हणायची ही."

"भावकूची थुंकी असंल," भरमा म्हणाला.

"कोण भावकू?"

"काकतीचा. बँडात माझ्या शेजारी बसायचा. ह्यो बाजा त्याचाच. साफ म्हणून कधी करायचा न्हाय. रोज शिव्या खायचा, तरी न्हाय."

"आता कुठं असतो?"

भरमा बाजाची तोंडाला लावायची वाटी पुसत राहिला. ती स्वच्छ झाली होती, तरी पुसत राहिला.

"स्ट्रेचरच्या पुढच्या टोकाला तो होता," तो म्हणाला. "मागं मी. एकदम पुढचं टोक खाली गेलं."

फडकं पिळलेलं पाणी घमेल्यात साठलं होतं. ते मोरीत ओतायला गुणाबाई उठली, दोन पावलं गेली आणि वळून तिनं ते परसातल्या शेवग्याच्या बुंध्याशी ओतलं. भरमानं ते पाहिलं.

मग त्यानं मागाचं तेल बोटावर घेऊन आतल्या नळीला चोळलं. बाजा जोडला. नळी आता आवाज न करता मागंपुढं होत होती. आत पाणी राहिलंय का ते पाहायला त्यानं वाटी ओठांना लावली आणि फुंकलं. खालच्या पट्टीतला एक सूर निघाला. तो त्यानं सोडला नाही. नळी लांबवत आणखी खाली नेला. शेजारच्या घरातला माग थांबला. गुणाबाई घमेलं हातात धरून तशीच उभी राहिली.

गल्लीच्या टोकाला आण्णाप्पाचा फेटा दिसला तसा भरमा बाजा घेऊन आत गेला.

"वैनी, झाला का साफ?" आण्णाप्पानं दारातून विचारलं.

"न्हाय अजून. आतनं ओला हाय."

"मग आत्ता वाजला कसा? पार कोपऱ्यापत्तर ऐकू आलं."

गुणाबाईनं पदराला हात पुसले.

"मीच फुंकून बघितलं."

आण्णाप्पानं तिच्याकडं पाहिलं, मग आतल्या अंधाराकडं. मिशीवर हात फिरवून तो गंभीरपणे म्हणाला,

"लई झ्याक फुंकता की. गुरुवारी शहापुरात लग्न हाय. तुम्हीच या मग."

मग भरमा उंबऱ्यात येऊन उभा राहिला.

"तिला गुरुवारी कांड्या भरायच्यात," तो म्हणाला. "मी येतो."