सात नंबरची बाटली

माझ्या नाकाचा मला फार अभिमान आहे, हे आधीच सांगून टाकतो. साबणाच्या कारखान्यात मी वास तपासतो. नवं पिंप आलं की त्यातला एक थेंब कागदाच्या पट्टीवर घ्यायचा, डोळे मिटायचे आणि सांगायचं, ठेवा की परत पाठवा. वीस वर्षांत मी तीनदा चुकलो, आणि तिन्ही वेळा मला सर्दी होती.

आमच्याकडे सगळ्यात जास्त येतं ते लिनालूल. नाव ऐकून घाबरू नका. लव्हेंडरमध्ये असतं, धण्यांत असतं, तुळशीच्या भाईबंदांतही असतं. साबणात घाला, शाम्पूत घाला, कुणाशी भांडण नाही. वास फुलांचा, त्यात थोडं ओलं लाकूड आणि थोडी लिंबाची साल. पिंप उघडलं की खोली हळूच जमीन सोडते आणि आपण तिच्याबरोबर वर जातो, असं मला वाटतं. हे मी कारखान्यात कुणाला सांगत नाही. आधीच सगळे मला 'नाकवाले' म्हणतात.

माझी ताई बंदरात क्रेन चालवते. जमिनीपासून चाळीस मीटर उंच काचेची केबिन, दोन हातांत दोन दांडे, आणि रात्रपाळी. दोन महिन्यांपूर्वी तिच्या हुकावरून लोखंडी सळ्यांचा गठ्ठा सुटला आणि खालच्या माणसापासून दोन हातांवर पडला. माणसाला ओरखडाही आला नाही. ताईची झोप मात्र गेली ती गेलीच. सकाळी घरी येऊन ती आडवी पडायची, जरा डोळा लागला की बोटं चादरीवर दांडे शोधायची, आणि ती दचकून उठायची. बंदराच्या डॉक्टरांनी पंधरा दिवसांची मुदत दिली होती. तपासणीत झोप सुधारलेली दिसली नाही, तर केबिन बंद आणि फाटकावर पास देण्याचं काम.

"मला खाली बसवलं तर मी संपले, बारक्या," ती फोनवर म्हणाली. ताई कधी असं बोलत नाही.

मी तिच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे राहतो. जायचो महिन्यातून एकदा, तेही दारातूनच, चप्पल न काढता.

दुसऱ्या दिवशी मी आमच्या केमिस्ट मॅडमना गाठलं. "लिनालूलनं झोप येते ना?"

"उंदीर हुंगून शांत झाले, एवढं खरं," त्या म्हणाल्या. "काही माणसांनाही बरं वाटलंय. पण छातीठोकपणे कुणाला सांगू नका. आणि पोटात घ्यायचं नाही, अंगाला लावायचं नाही. बाटली उघडी ठेवायची नाही, हवा लागून ते बिघडलं की कातडीला खाज आणतं. फडताळातली एक छोटी बाटली न्या."

आमच्या फडताळातल्या बाटल्यांवर नाव नसतं, फक्त नंबर. नाव वाचलं की नाक आधीच मत बनवतं, म्हणून. काही बाटल्यांत वास, काहींत नाकाची परीक्षा घ्यायला बिनवासाचं नुसतं द्रावक, आणि कुठल्या नंबरात काय याची यादी मॅडमच्या खणात. मला पाठ होतं, सात नंबर लिनालूल. मी सात नंबर उचलली.

दोन वाजता माझी पाळी सुटायची आणि अडीचला मी ताईच्या खोलीत असायचो. पडदे ओढलेले, त्यांतून गाळून आलेला पिवळसर उजेड, लांबवर एखाद्या जहाजाचा भोंगा. पट्टीवर तीन थेंब टाकून मी ती उशीजवळच्या पेल्यात उभी करायचो. वीस मिनिटांत वास उडतो, मग नवी पट्टी. म्हणून खुर्ची टाकून बसावंच लागायचं.

पहिल्या दिवशी ताई छताकडे बघत राहिली. दुसऱ्या दिवशी अर्धवट झोपेत बोलायला लागली. हुकाला एक अख्खं घर लटकलंय म्हणाली, खिडक्यांत दिवे लागलेत आणि आतली माणसं चहा पितायत, त्यांना पत्ताच नाही.

"मग उतरव की हळू," मी म्हणालो.

"उतरवतेय. तू बघतोयस ना खाली कुणी नाही?"

"कुणी नाही. सोड."

तिची बोटं चादरीवर थोडी हलली आणि थांबली. तिचा श्वास लांब झाला. मीसुद्धा त्या उजेडात कुठेतरी तरंगत होतो. लिनालूल कसं खोलीभर पसरलंय, लाकूड पुढे, फूल मागे, सगळं मला स्वच्छ कळत होतं. आठव्या दिवसापासून ती सलग पाच तास झोपू लागली. मी कारखान्यात कॉलर ताठ करून फिरत होतो.

तपासणीच्या आदल्या दिवशी मॅडमनी मला हाक मारली. "नाकवाले, द्रावकाची बाटली तुम्ही नेलीत का? सात नंबर?"

"सात म्हणजे लिनालूल."

"ते त्याच्या आदल्या आठवड्यात हो. सोमवारी नंबर बदलतात, विसरलात? तुम्ही नेलीत तेव्हा सात म्हणजे नुसतं द्रावक."

मला कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. दिवसभर लिनालूलमध्ये वावरणारा मी, ते माझ्या शर्टात, केसांत, नाकाच्या आत मुरलेलं. त्या खोलीत मी माझाच वास हुंगत होतो आणि त्याला बाटलीचं श्रेय देत होतो. दोन आठवडे बहिणीला काहीच नसलेलं हुंगवलं! आता सांगितलं तर आजची झोप उडणार आणि उद्या केबिन जाणार. न सांगावं, तर मला माझीच लाज वाटत होती. शेवटी पळवाट काढली. खऱ्या लिनालूलची बाटली मागून घेतली, तिच्यावर सात नंबर चिकटवला आणि अडीचला ताईकडे गेलो.

ती पडलेली होती. मी तीन थेंब टाकले, पट्टी पेल्यात ठेवली.

ताईनं डोळे न उघडता नाक वर केलं. "आज बाटली बदललीस."

"नाही तर."

"हिला वास आहे. आधीच्या बाटलीला नव्हता."

"तुला कधी कळलं?"

"पहिल्याच दिवशी. मला काय नाक नाही?"

"मग बोलली का नाहीस?" मी चिडलोच. "इतके दिवस मी मूर्खासारखा पट्ट्या बदलत बसलो!"

"बोलले असते तर तू दुसऱ्या दिवशी खरी बाटली आणून दिली असतीस," ताई म्हणाली, "आणि दारातूनच निघून गेला असतास."

मला काहीतरी उलट बोलायचं होतं. पण खरंच, मी गेलोच असतो. मी बाटलीचं बूच घट्ट लावलं आणि खुर्ची पलंगाच्या आणखी जवळ ओढली. ताईनं कूस बदलली.

"खाली कुणी नाही ना?" तिनं विचारलं.

"मी आहे," मी म्हणालो. "लांब उभा आहे. सोड."