भाचीचे गाणे आणि माझे तेलकट चाक

मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे, आणि मित्रांनो, मी भित्रा आहे.

जन्मतः तसा नव्हतो. माझ्या पोटात करंगळीच्या पेराएवढे एक रबरी चाक आहे. कॅसेटची फीत तेच पुढे ओढते. कारखान्यातून निघालो तेव्हा ते कोरडे होते, पकड घट्ट होती आणि माझ्या मनात भीतीचा लवलेशही नव्हता.

चष्म्याच्या दुकानात काचा घासणाऱ्या एका बाईंनी मला घरी आणले. सगळे त्यांना मावशी म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. मावशींना इंडी गाण्यांचे वेड आहे. मोठ्या कंपनीच्या मदतीशिवाय चार मित्र एखाद्या खोलीत स्वतःच रेकॉर्ड करतात, ती ही गाणी. वर्षभरात जे गाणे मनात भरेल, ते मावशी माझ्याकडून एका कॅसेटवर उतरवून घेतात. वर्षाच्या शेवटच्या रविवारी ती कॅसेट घरच्यांसमोर लागते. तोपर्यंत ती मागे फिरवून ऐकायची नाही, हा त्यांचा नियम. पाहुणे माझे कौतुक करत. मग घरात मोबाइल आले आणि मी कपाटावर धूळ खात पडलो. खाली उतरायचो ते फक्त या कॅसेटसाठी.

यंदाचे शेवटचे गाणे मावशींच्या भाचीचे होते. सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या खोलीत तिचा बँड सराव करत होता, तेव्हा मावशींनी ते माझ्याच माइकवर घेतले. पुढे भाचीच्या गळ्याचे ऑपरेशन झाले. आता ती फक्त कुजबुजू शकते. ते गाणे दुसरीकडे कुठेच नाही.

रविवारच्या आदल्या दिवशी मी कुरकुरलो. मावशींनी मायेने माझ्या पोटात शिलाई मशीनचे तेल सोडले. कुरकुर थांबली, पण तेल ओघळून त्या रबरी चाकावर आले. मला ते कळत होते, पण सांगणार कसे?

रविवारी गाणी सुरू झाली. "हे ड्रम आहेत की कुणी भांडी आपटतंय?" भाचीचे वडील म्हणाले.

"भाऊजी, कान तपासून घ्या. चष्मा मी देते," मावशी म्हणाल्या.

सगळे हसले. मी मात्र भीतीने आतून गार पडलो होतो. चाक घसरत होते. भाचीचे गाणे सुरू झाले आणि तिचा आवाज घोगरा होत खाली बसला. फीत चाकाभोवती गुंडाळली जात होती.

"अहो, फीत खातोय तो! कॅसेट काढा!" मावशी ओरडल्या. भाऊजींचा हात झाकणाकडे आला. मित्रांनो, झाकण ओढले असते तर फीत तुटलीच असती.

"नको," भाची म्हणाली. त्या गोंधळात तिची कुजबुज कुणालाच ऐकू गेली नाही. तिने एका हाताने माझे झाकण दाबून धरले आणि दुसऱ्याने भिंतीतला प्लग उपटला.

मी जागच्या जागी थांबलो. तिने बोटाने चाक उलटे फिरवत फीत सोडवली. ती चुरगळली होती, पण अखंड होती.

"माझ्याच हातानं तेल घातलं गं मी!" मावशी रडू लागल्या.

भाची त्यांच्या कानाशी लागली. "मावशी, आधी मोबाइल आण. दुसरी प्रत करू. मग रड हवं तेवढं."

तिने माझे चाक स्पिरिटच्या बोळ्याने पुसले, प्लग लावून फीत मागे नेली आणि पुन्हा बटण दाबले. जीव मुठीत धरून मी फिरलो. चुरगळलेल्या जागी एक शब्द थरथरला. बाकी गाणे स्वच्छ निघाले. भाची डोळे मिटून, ओठ हलवत ऐकत होती.

आता ते गाणे तिघांच्या मोबाइलमध्ये आहे. तरीही माझ्यात कॅसेट सरकवली की मी दचकतो. म्हणून विनवतो, मित्रांनो, आम्हा जुन्या यंत्रांवर माया करा, पण जाणकाराला विचारून. आणि ज्या आवाजावर तुमचा जीव आहे, तो माझ्यासारख्या एकट्या म्हाताऱ्याच्या भरवशावर ठेवू नका.