कपाळावरचं इंग्रजी

जयसिंगानं त्या दिवशी आजऱ्याच्या रस्त्यावर जे केलं, ते आठवलं की आजही माझ्या कड्या थरथरतात. आईच्या नावाची गाडी, आईनं हातात दिलेली किल्ली, आणि मागून कोणी जीव तोडून हाका मारतंय तर याला ऐकू येऊ नये? ऐकू येत होतं, मित्रांनो! ऐकू येत होतं, तरी यानं साईड दिली नाही.

पण आधी मी कोण ते सांगते. मी एक जुनी फळी आहे. मालट्रकच्या मागं कड्यांनी अडकवलेली, माल चढवता-उतरवताना खाली पाडायची. ट्रकवाले मला फाळका म्हणतात, पुरुषासारखं. म्हणू देत बापडे. जन्मभर हमालांचे पाय पाठीवर सोसले आणि तोंडातून चकार शब्द काढला नाही, हे काय पुरुषाचं काम आहे? मी बाईमाणूसच.

नव्वद सालानंतरची गोष्ट. कोल्हापुरात उद्यमनगरातल्या एका कारखान्यात किंजळीच्या जाड फळ्या लोखंडी पट्ट्यांनी जखडून मला घडवलं. ज्यांनी हा ट्रक घ्यायला काढला ते मालक बॉडी पुरी व्हायच्या आतच वारले. भाऊबंद म्हणाले, बाईमाणसाला हे झेपायचं नाही, विकून टाका. त्यांची बायको शालन, तिला अख्खी मंगळवार पेठ आक्का म्हणते, पदर खोचून कारखान्यात आली आणि सुताराला म्हणाली, "काम का थांबलंय? मेलं ते माणूस मेलं, गाडी जित्ती हाय न्हवं?"

मग बाळासो पेंटर रंगाचे डबे घेऊन माझ्यासमोर बसला.

"आक्का, मागं काय लिवू?"

"सगळ्यांच्या गाडीवर असतंय ते. आमच्या गाडीला काय कमी नको."

"मग हॉर्न ओके प्लीज."

"म्हंजे काय रं?"

"मागच्यानं हॉर्न द्यायचा."

"ते हॉर्नचं झालं. ओकेचं काय?"

बाळासोनं कुंचल्याच्या दांडीनं डोकं खाजवलं. "ते असतंय, आक्का."

"आणि प्लीज?"

"आपण 'बाबा रं' म्हंतो न्हवं, तसं."

"मग मराठीत लिव की सरळ."

"मराठीत असलं तर गाडी गावातली वाटती. इंग्रजी असलं की लांबची वाटती."

आक्काला ते पटलं. पण ती म्हणाली, "खाली माझं नाव टाक. शालनआक्का, मंगळवार पेठ, कोल्हापूर. ते मात्र मराठीत. ते लोकांनी वाचायला पायजे."

असं माझ्या कपाळावर इंग्रजी गोंदलं गेलं. आपलं कपाळ आपल्याला दिसत नाही, तशी ती अक्षरं मला कधी दिसली नाहीत. शाळा म्हणाल तर तेवढीच. आक्का दुसरीतून घरी बसलेली आणि मी बाळासोच्या हाताखालून उठलेली, दोघी सारख्याच.

अर्थ मात्र मला रस्त्यानं शिकवला. तेव्हा गाडी पिराजी चालवायचा. मागून हॉर्न आला की तो आरशात बघायचा. पुढं मोकळं असेल तर हात बाहेर काढून 'ये' म्हणायचा, समोरून एस. टी. येत असेल तर तोच हात उभा धरायचा. मागचा पुढं निघून जाताना एकदा बारीक हॉर्न द्यायचा, म्हणजे आभार. हॉर्न ही हाक आणि हात हे उत्तर. एवढं कळल्यावर ओकेचा अर्थ विचारायची मला कधी गरज पडली नाही.

रस्त्यावरच्या बाकीच्या पाट्यांनी मात्र आम्हा दोघींना पुरतं हादरवलं. एकदा आक्का वसुलीसाठी पेठ वडगावला निघाली होती. वाटेत मोरीपाशी एक पाटी आली. पिराजीनं वाचली, "डेड स्लो."

"डेड म्हंजे?"

"मेल्यालं."

"अगं बाई! भर रस्त्यात असलं अभद्र कोण लिवून ठेवतंय? पूस म्हणावं ते!" असं म्हणून ती खिडकीतून तोंड काढून तीनदा थुंकली. पुढं एका ठिकाणी 'वर्क इन प्रोग्रेस'ची पाटी होती. काम चालू आहे म्हणे! त्या पाटीवर घोसावळ्याचा वेल चढला, त्याला फळं धरली, कुणीतरी ती भाजीला नेली, तरी काम काही दिसलं नाही. आणि आमच्या पेठेत 'नो पार्किंग'च्या खांबाला एक म्हैस बांधलेली असायची. हवालदारानं जाब विचारला तर मालक म्हणाला, "सायेब, म्हस कुठं पार्किंग हाय?" आक्कानं कपाळावर हात मारला. "लिवायचं एक आणि करायचं एक. आमच्या फाळक्यावर तसलं न्हाय. आमचं लिवल्यालं खरं हाय."

हे ऐकून माझी छाती कशी फुगायची म्हणून सांगू! दसऱ्याला मला झेंडूची माळ, हळदीकुंकू. दृष्ट लागू नये म्हणून खाली जुनं पायताण टांगलेलं. बाळासो दर वर्षी येऊन अक्षरं उजळायचा. माल घेणारे व्यापारी म्हणायचे, "शालनआक्काची गाडी हाय, काळजी न्हाय."

मग जयसिंग मोठा झाला. आक्काचा एकुलता एक. त्यानं लायसन काढलं, तशी आक्कानं पिराजीला क्लीनरच्या जागेवर बसवलं आणि किल्ली पोराच्या हातात दिली. पोरानं केबिनमध्ये मोठा टेप बसवला, सीटला चकचकीत कव्हरं घातली. पुढची बाजू नवरदेवासारखी आणि मागं माझ्याकडं बघायला कुणी नाही. कड्यांना तेल नाही, रंगाचे पोपडे उडालेले. बाळासोला यानं परत पाठवलं, "मागं कोण बघतंय?" म्हणून. त्याहून वाईट म्हणजे मागून हॉर्न आला की याला राग यायचा. जणू कुणी आईवरून शिवी दिली. टेप वाढवायचा आणि गाडी मधोमध घ्यायचा.

आता ती दुपार सांगते. सुगी झाली होती. आजऱ्याहून भाताची पोती भरून आम्ही कोल्हापूरला येत होतो. तेव्हा रस्ता अरुंद होता, दोन्हीकडं झाडं. मागून एक जीप आली आणि हॉर्न वाजू लागला. साधा नाही. थांबतच नव्हता.

मित्रांनो, अख्ख्या गाडीत माझं एकटीचं तोंड मागं. त्यामुळं जे दिसलं ते मला दिसलं. जीप चालवणारा तरुण घामानं निथळत होता. मागच्या सीटवर एक पोरगी आडवी, पोट टम्म, दातांत ओढणी धरलेली. आणि तिच्या उशाशी बसलेली वयस्कर बाई खिडकीतून अर्धी बाहेर येऊन माझ्याकडं बघून ओरडत होती, "अरे बाबा, सोड की रं! पोरगी जातीय माझी!"

माझ्याकडं बघून! माझ्या कपाळाच्या भरवशावर!

मी काय करणार होते? लाकूड मी. खडखडले, साखळ्या आपटल्या. पुढं टेप चालू. जीप उजवीकडं आली की आमची गाडी उजवीकडं, डावीकडं आली की डावीकडं. केबिनमध्ये काय चाललं होतं ते मला नंतर पिराजीच्या तोंडून कळलं. पिराजी म्हणाला होता, "जयसिंगराव, द्या की साईड. कवाधरनं हाक मारतंय त्ये."

"वडापवालं असंल. सीटा भरायची घाई झाल्या त्याला. जरा मस्ती उतरू दे."

वडाप म्हणजे माणसं कोंबून नेणाऱ्या जीपा. पिराजीनं हात बाहेर काढला, तर यानं त्याचा हात धरून आत ओढला.

आणि मग हॉर्न थांबला. एकदम. मला वाटलं, माझंच काहीतरी आत मोडलं. जीप एका झाडाखाली थांबली. ती बाई खाली उतरून दाराला चादर धरत होती. उसाच्या फडातून दोघी-तिघी बायका खुरपी टाकून पळत येत होत्या. पुढं काय झालं? वळण आलं, आणि झाडांनी सगळं झाकून टाकलं.

"बघ, गप बसला का न्हाय!" जयसिंग पिराजीला म्हणाला.

तिथून कोल्हापूरपर्यंत मी त्या मोकळ्या रस्त्याकडं बघत आले. पोरगी जगली का मेली, कुणाला विचारू? पोती उतरली, पाय पाठीवरून गेले, मला काही कळलं नाही.

काही दिवसांनी सकाळी आक्काच्या दारात ती बाई उभी राहिली. सोबत तो जीपवाला तरुण. गाडी दारातच होती. बाईनं आधी मला बघितलं, हात लावला, आणि मग आक्काला विचारलं, "शालनआक्का तुम्हीच का?"

"व्हय. कोण पावणं? या, बसा."

"मी सुलतानबी. हा माझा ल्योक ख्वाजा. भांडायला न्हाय आलो, आक्का. सांगायला आलो." तिनं सगळं सांगितलं. सून कशिश जीपमध्येच बाळंत झाली. मुलगी झाली, धडधाकट. पण कशिशच्या अंगावरून इतकं रक्त गेलं की दवाखान्यात पोचेपर्यंत तिची शुद्ध हरपली होती. डॉक्टरांनी कशीबशी वाचवली. "थोडं आधी आणायचं म्हणाले. काय सांगायचं त्यांना?"

आक्काच्या हातातला पाण्याचा तांब्या तसाच राहिला.

"मला वाचता येत न्हाय, आक्का," सुलतानबी म्हणाली. "ख्वाजानं सांगितलं, हॉर्न वाजवा म्हणून लिवलंय. मी म्हटलं, मग वाजीव की, त्यांनीच लिवलंय म्हटल्यावर ऐकतील. खाली बाईचं नाव हाय म्हणाला. मग तर मला धीरच आला."

आक्कानं पिराजीला हाक मारली. पिराजीनं मान खाली घालून एकूण एक सांगितलं. जयसिंग दारात उभा होता. मग बोलला ते असं.

"आई, मला वाटलं वडाप हाय. आणि ते नुसतं रंगवायची रीत असती. सगळ्याच ट्रकला असतंय. कोण मनावर घेतंय त्ये?"

रीत? मित्रांनो, माझ्या कपाळावर जे गोंदलं, ज्याच्यावर मी इतकी वर्षं मान ताठ ठेवून फिरले, ती नुसती रीत? आज मी त्याच घराच्या पडवीत भिंतीला टेकून उभी आहे, रंग पार गेला आहे, तरी तो शब्द अजून सलतो. तुम्ही उद्या मोठे व्हाल, गाड्या घ्याल. मागच्या बाजूला काय लिहायचं ते लिहा, कुठल्याही भाषेत लिहा. पण लिहिलंत तर पाळा. मागून येणाऱ्याची घाई तुम्हाला दिसत नसते. त्याचं तोंड बघा, आणि वाट द्या. म्हातारीचं एवढंच मागणं.

आक्का उठली. मला वाटलं, आता पोराच्या कानाखाली बसते. पण ती माझ्यापाशी आली आणि तिनं पदरानं माझ्यावरची धूळ पुसली, तिचं नाव दिसेपर्यंत.

"हे बी नुसतं रंगवल्यालं का रं, मुडद्या?"

मग आक्कानं जयसिंगापुढं हात केला.

"किल्ली दे इकडं. पिराजी, धर, गाडी तू घे. सुलतानबी, मी येती तुमच्या सुनंला बघायला, आणि ह्यो बी येईल, ह्याच्या पायानं." मग ती पोराकडं वळली. "आणि तू, जयसिंगा, उद्यापासनं क्लीनरच्या खिडकीत बसायचं. हात भाईर, मान मागं. कुणी हॉर्न दिला की आधी त्येच्या तोंडाकडं बघायचं आणि मग हात करायचा. मागच्याचं तोंड बघितल्याबिगर तुला जवा चैन पडायची न्हाय, तवा किल्ली मागायला ये. तवर तू माझा ल्योक हाईस. माझा ड्रायव्हर न्हाईस."