माझं एकशे तेरावं पान

मित्रांनो, मी एक जुनी वही आहे आणि मला राग आलेला आहे. हे आधीच सांगून टाकते. कारण आमच्यासारख्या जुन्या वस्तू आपली कहाणी सांगायला बसल्या की सगळ्यांना वाटतं, आता ही उसासे टाकणार, गेलेले दिवस आठवणार आणि शेवटी डोळे पुसणार. उसासे मीही टाकते. पण माझं एक पान फाडलं गेलं आहे, आणि ते कोणी फाडलं हे मला माहीत आहे.

माझा जन्म एका बाइंडरच्या दुकानात झाला. दुकान कसलं, जिन्याखालची जागा. बाइंडर बुटका होता म्हणून तिथे सरळ उभा राहू शकायचा. त्याने माझे कागद दुमडून जुड्या केल्या, एकेक जुडी मेण लावलेल्या दोऱ्याने शिवली, पाठीला खळ लावली आणि वर जाड हिरवं कापड चढवलं. प्रत्येक टाका घातल्यावर तो दोरा दोनदा ओढून पाहायचा. "नाट्यगृहाची वही आहे," तो बायकोला म्हणाला, "शेकडो हात लागणार हिला. उसवली तर लाज माझी जाईल."

नाट्यगृहात मला चांगली जागा मिळाली. दारातून आत आलं की उजवीकडे तिकीटखिडकी, आणि खिडकीला लागून एक उंच टेबल. त्यावर मी. माझ्या वर भिंतीवर पाटी होती, 'प्रेक्षकांचे अभिप्राय'. खिडकीत बसणाऱ्या ताईंनी दुपारच्या रिकाम्या वेळात माझ्या पानांच्या कोपऱ्यांत शाईने आकडे घातले. एक ते तीनशे वीस. कुठे खाडाखोड नाही.

त्या नाट्यगृहात संगीत नाटकं व्हायची. साडेतीनशे खुर्च्या, समोर वादकांचा खड्डा आणि वर गाणारी माणसं. प्रयोग सुटला की लोक घाईघाईने घरी जायचे, पण पाच-पंधरा जण हमखास माझ्याभोवती थांबायचे. काय काय लिहायचे! एका बसचालकाने लिहिलं होतं, "छत्रीचं गाणं मी रोज गाडी चालवताना म्हणतो. प्रवासी तक्रार करतात. त्यांना नाटकाला पाठवा." एका बाईंनी लिहिलं, "नायिका मेली ते बरं झालं, नाहीतर आणखी एक गाणं म्हणाली असती." कोणाला जुना प्रयोग आवडायचा, कोणाला नवा. एका घरातून नवरा-बायको यायचे, दोघं एकाच पानावर एकमेकांच्या विरुद्ध मत लिहायचे आणि हातात हात घालून घरी जायचे.

त्या सगळ्यांत माझी दोन माणसं होती. एक टाचणीबाई. तीस वर्षं त्या याच नाट्यगृहाच्या कपडेपटात शिवणकाम करत होत्या. बोलताना ओठांत टाचण्या धरायची सवय, आणि लिहिलेलं टाचणीसारखंच, म्हणून ते नाव. निवृत्त झाल्यावरही प्रत्येक नाटकाला येऊन त्या मला अर्धं पान तरी द्यायच्याच. दुसरे कंपाउंडरकाका. पलीकडच्या गल्लीतल्या दवाखान्यात औषधं बांधून द्यायचे. अक्षर इतकं सुबक की पुडीवर लिहिल्यासारखं, आणि जुन्या प्रयोगांचे ते कट्टर भक्त.

ही दोघं एकमेकांशी बोलत नसत, माझ्या पानांवर भांडत. काकांनी एकदा लिहिलं, "'पवनचक्कीवरची माणसं' या नाटकाचा वीस वर्षांपूर्वीचा प्रयोग ज्यांनी पाहिला नाही, त्यांनी आजच्या प्रयोगावर बोलू नये. तेव्हाचा नायक शेवटचा सूर लावताना डोळे मिटून घेई, अशी तन्मयता आता कुठे?" त्याच्या खाली दुसऱ्या दिवशी टाचणीबाई, "डोळे मिटायचा कारण सूर लागायचा नाही. मी विंगेत उभी होते." काका आठवडाभर धुमसले. मग त्याखाली लिहिलं, "विंगेतून ऐकू येतं, रसग्रहण होत नाही." मला कोण आनंद व्हायचा! वहीला आणखी काय हवं असतं?

आणि मग 'काचेचं बंदर' आलं.

हे नाटक नव्या व्यवस्थापकांनी मोठ्या हौसेने बसवलं. नायिकेच्या भूमिकेत पडद्यावरची एक गाजलेली नटी आणली. दारावर तिचा माणसापेक्षा मोठा फोटो लागला, तिकिटांसाठी रांगा लागल्या. नटी दिसायला सुंदर होती आणि काम मन लावून करत होती, तिला मी नावं ठेवणार नाही. पण दुसऱ्या अंकातलं निरोपाचं गाणं तिच्या गळ्याच्या आवाक्यात नव्हतं. तेव्हा व्यवस्थापकांनी काय करावं? नाटकातल्या गाणाऱ्या कोळणींच्या समूहात मागच्या रांगेत मासळीची टोपली घेऊन एक मुलगी उभी राहायची. तिला त्यांनी एका सकाळी रिकाम्या नाट्यगृहात बोलावलं, तिच्याकडून गाणं गाऊन घेतलं, ध्वनिमुद्रित केलं आणि प्रयोगात तेच वाजवायला सुरुवात केली. नटी पुढे उभी राहून ओठ हलवायची. आणि त्या मुलीला हुकूम होता, या गाण्यात तोंड बंद ठेवायचं. स्वतःचं गाणं चालू असताना तिने टोपली घेऊन मुकाट उभं राहायचं! कुठे बोललीस तर समूहातूनही जाशील, असं वर बजावलं होतं.

हे प्रेक्षकांतल्या कोणाच्या लक्षात आलं नाही. टाचणीबाईंच्या आलं. ती मुलगी नाट्यगृहात नवीन आली तेव्हा तिचे झगे त्यांनीच बेतले होते, आणि माप घेताना ती गुणगुणायची. तिसऱ्या प्रयोगानंतर बाई माझ्याकडे आल्या, चष्मा पुसला आणि उभ्या उभ्या एकशे तेराव्या पानावर लिहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी, दार उघडायच्या आधी, ती मुलगी आली. कोणीतरी तिला सांगितलं असावं. तिने ते पान ओळीवर बोट ठेवून वाचलं. मग पुन्हा वाचलं. चार वेळा. ताई खिडकीतून पाहत होत्या. त्यांनी फक्त विचारलं, "पाणी देऊ का गं?" मुलगी मान हलवून आत गेली.

त्या संध्याकाळी कंपाउंडरकाकांनी पाठची कोरी एकशे चौदा सोडून समोरच्या पानावर, एकशे पंधरावर, सडकून उत्तर लिहिलं. आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी व्यवस्थापक आले. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, मला उघडलं आणि एकशे तेरावं पान ओढलं. पट्टी लावून कापलंसुद्धा नाही, सरळ ओढलं. बाइंडरचा दोरा सुटायला तयार नव्हता, म्हणून पान मुळापाशी वेडंवाकडं फाटलं, आणि त्याच्या जोडीचं जुडीतलं पलीकडचं पान लटकं पडलं. पुढच्या पानावर काकांनी केलेली नटीची स्तुती दिसली, तेवढी पाहून त्यांनी मला मिटलं. घडी करून माझं पान खिशात घातलं.

मला वाटलं होतं, ते जाळतील. जाळलं असतं तर बरं, असं पुढे म्हणायची वेळ आली. आठवड्याने दारावर नवी पाटी लागली. नटीचा फोटो आणि खाली मोठ्या अक्षरांत, "असा आवाज या रंगमंचावर मी तीस वर्षांत ऐकला नव्हता. – एक ज्येष्ठ रसिक."

मित्रांनो, ते वाक्य माझ्या पानावरचं होतं! अक्षरन् अक्षर टाचणीबाईंचं. फक्त पुढचं वाक्य कापलेलं होतं.

रविवारच्या दुपारच्या प्रयोगाला टाचणीबाई आल्या. दारात पाटी वाचली. आत आल्या त्या तरातरा माझ्याकडे. पानं उलटली, पुन्हा उलटली. मग त्यांनी व्यवस्थापकांना हाक मारली. दर्शनी दालनात तेव्हा शंभरेक माणसं होती.

"माझं पान कुठंय?"

"कुठलं पान, आजी?" व्यवस्थापक हसत म्हणाले.

"पाटीवर ज्याचं शेपूट तोडून टांगलंय ते."

"तुमचा काहीतरी गैरसमज होतोय. ते वाक्य आम्हाला एका प्रेक्षकांनी तोंडी सांगितलं. या वयात होतं असं, लिहायचं मनात येतं आणि लिहिलं असंच वाटतं." मग लोकांकडे वळून, "कोणीतरी आजींना खुर्ची द्या."

लोक त्यांच्याकडे कीव आल्यासारखे पाहू लागले. एक जण खरंच खुर्ची घेऊन आला. जिने तीस वर्षं या नाट्यगृहाचं एक बटण तुटू दिलं नाही, तिला भर दालनात भ्रमिष्ट ठरवलं! माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण वहीने ओरडायचं कसं?

तेवढ्यात गर्दीतून कंपाउंडरकाका पुढे आले.

"पान होतं," ते म्हणाले.

"तुम्ही यात पडू नका."

"मी पडलेलोच आहे. एकशे पंधरा काढा. वाचा. 'मागील पानावर टाचणीबाईंनी जे लिहिले आहे, की निरोपाचे गाणे नायिका गात नाही, ते मला साफ अमान्य आहे.' मागील पान. मग मी कोणाशी भांडलो? हवेशी?" आणि बाईंकडे वळून घाईघाईने म्हणाले, "मत माझं तेच आहे हं. गाते नटीच. पण पान होतं."

व्यवस्थापक म्हणाले, "आकडे घालताना चूक झाली असेल. एकशे बारानंतर एकशे पंधरा पडला असेल."

खिडकीतून ताईंचा आवाज आला. त्या व्यवस्थापकांच्याच हाताखाली कामाला होत्या, आणि आठवडाभर गप्प होत्या. "आकडे मी घातलेत, साहेब. माझे आकडे चुकत नाहीत. चुकले असते तर एकाच खुर्चीवर दोन माणसं बसली असती."

लोक हसले. व्यवस्थापकांचा चेहरा उतरला, पण हार मानतील तर ना! "बरं, होतं एखादं पान, फाटलं असेल. त्यावर काय होतं ते आता कोण सांगणार?"

"मी सांगते."

आतल्या दारात ती मुलगी उभी होती. अंगावर कोळणीचा झगा, डोक्याला फडकं. व्यवस्थापकांनी तिच्याकडे नुसतं पाहिलं. त्या पाहण्याचा अर्थ तिला पुरता कळत होता.

"मला पाठ आहे," ती म्हणाली, आणि शाळेत धडा म्हणावा तशी म्हणू लागली. "'निरोपाचं गाणं ऐकताना अंगावर काटा आला. असा आवाज या रंगमंचावर मी तीस वर्षांत ऐकला नव्हता. पण हा गळा पुढे उभ्या असलेल्या बाईंचा नाही. मागच्या रांगेत टोपली घेऊन जी मुलगी उभी असते, तिचा आहे. तिच्या मापाचे झगे मी शिवले आहेत, तिचा श्वास मला ओळखता येतो. ध्वनिमुद्रण वाजवायचं तर वाजवा. पण जिचा गळा आहे, तिचं नाव पाटीवर लिहा.'"

टाचणीबाई पुटपुटल्या, "अगं, नोकरी जाईल ना तुझी."

"जाऊ दे, आजी. माझ्याबद्दल एवढंच कोणीतरी लिहिलं होतं. तेही यांनी नटीबाईंच्या फोटोखाली लावलं."

प्रयोग झाला. सुटल्यावर कंपाउंडरकाका सगळ्यांत आधी माझ्याकडे आले आणि लिहिलं, "आज पहिल्या रांगेत बसलो. निरोपाच्या गाण्यात नटीबाईंनी रडताना रुमाल तोंडावर धरला, आणि सूर तसाच स्वच्छ चालू राहिला. हे गाणं मी आधी तीनदा पाहिलं आणि तिन्ही वेळा त्या रुमालाचं कौतुक केलं. बाई, तुमचे कान शाबूत आहेत. माझ्या डोळ्यांचं काही सांगता येत नाही."

मुलीला दुसऱ्या दिवशी काढून टाकलं. ध्वनिमुद्रण मात्र काढलं नाही, ते वाजतच राहिलं! पण आता लोकांना कळलं होतं. पुढचे अकरा प्रयोग माणसं प्रयोगाआधीच माझ्याभोवती गोळा व्हायची आणि एकाच ओळीने पानं भरायची, "आवाज कोणाचा?" बसचालकाने तर गाणं सुरू होताच खुर्चीतून उभं राहून विचारलं म्हणे. बाराव्या प्रयोगाला व्यवस्थापकांनी पाटीवरचं ते वाक्य उतरवलं. तिचं नाव काही लिहिलं नाही. माफी कोणाचीच मागितली नाही.

आणि मला हलवलं. माझ्या जागी एक चकचकीत पेटी आली, तिच्यावर तीन बटणं. एक हसरा चेहरा, एक गप्प, एक रडका. नाटक कसं वाटलं, ते दाबा आणि चालू लागा. सांगा मला, 'विंगेतून ऐकू येतं, रसग्रहण होत नाही' हे यातल्या कुठल्या बटणात बसतं? मी कपडेपटातल्या एका तुटक्या पेटाऱ्यात पडले. माझ्यावर कोणाचे तरी फाटके मोजे होते. चार महिने मी एकही अक्षर पाहिलं नाही.

मला ताईंनीच बाहेर काढलं. आता मी दवाखान्यात असते. रविवारी दुपारी डॉक्टर नसतात, तेव्हा कंपाउंडरकाका पेशंटची बाकं समोरासमोर लावतात. टाचणीबाई येतात, ताई येतात, बसचालक येतो. आवडती गाणी म्हणून होतात, कुठला प्रयोग सरस यावर जुंपते. काका आणि बाई आता तोंडी भांडतात, पण ठरावाप्रमाणे प्रत्येक भांडण मागाहून माझ्यात लिहावं लागतं.

ती मुलगी दुसऱ्या एका लहानशा नाटक मंडळीत गाते. पाटीवर तिचं नाव आहे, वरून तिसरं. बाईंनी तिचा प्रयोग पाहून लिहिलं, "वरचा सूर सुरेख. दुसऱ्या कडव्यात शब्द खाल्ला. खाऊ नये." मुलीने एका रविवारी येऊन ते वाचलं, मोठ्याने हसली आणि खाली लिहिलं, "बरं, आजी."

मित्रांनो, वह्या जपा, कव्हरं घाला, पानं दुमडू नका, असं सगळेच सांगतात. मी वेगळं मागते आहे. कोणी लिहिलेलं पटलं नाही, तर त्याखाली आपलं लिहा, हवं तर काकांसारखं सडकून लिहा. पण पान ओढू नका. आणि दुसऱ्याचं वाक्य उचलायचं असेल, तर पूर्णविरामाच्या पुढेही वाचा. एखाद्या वहीत आकड्यांमध्ये खंड दिसला, मुळापाशी कागदाची चिंधी अडकलेली दिसली, तर गुपचूप पान उलटून पुढे जाऊ नका. इथे काय लिहिलं होतं, ते विचारा. चारचौघांत विचारा, आणि कोणी खुर्ची पुढे केली तरी बसू नका.