डाव्या पायाचं जोडवं

मी डाव्या पायाचं जोडवं. चांदीचं, अकोटच्या सोनारानं घडवलेलं. बोलायला कोणी उरलं नाही म्हणून तुमच्याशी बोलतोय. ऐकलंत तर बरं, नाही तर राहिलं.

लग्नात सुभद्राच्या अंगठ्याशेजारच्या बोटात शिरलो, तेव्हापासून ते बोट म्हणजेच माझं घर. बाई आशा वर्कर. उन्हातान्हात गल्लोगल्ली हिंडायची, दुसऱ्यांच्या सुनांना ओढून दवाखान्यात न्यायची. मीही मिरवायचो की सोबत! फरशीवर टकटक वाजायचो, चिखलात माखायचो. मजेत होतो.

एक दिवस भरलेलं सिलिंडर हलवताना तिच्या हातून निसटलं, ते थेट आमच्यावर. बोट वांग्यासारखं सुजलं. नवरा गजेंद्र म्हणाला, "चाल, एक्स-रेचा फोटो काढून घेऊ." सासू माणिकबाई आडव्या आल्या. "फोटो काढाचा तं जोडवं काढा म्हनतीन. नवरा जित्ता असताना काढत असतात का? आंबेहळद लाव, उतरते सूज."

आणि जगाला शहाणपण सांगणारी सुभद्रा मुकाट्यानं बसली! मी ओरडत होतो, काढा मला, तिच्या मांसात रुतलोय. पण चांदीचं कोण ऐकतं?

सूज उतरली, पण आतलं मोडलेलं हाड वाकडंच जुळलं. बोट आकड्यासारखं वर आलं. चपलेचा पट्टा घासून त्यावर घट्टा पडला. पाय टेकला की कळ. दोन वर्षं बाईनं लंगडत काढली. घरोघरी जाणंच बंद व्हायची वेळ आली, तेव्हा गजेंद्रनं कोणाचं न ऐकता तिला अमरावतीला नेलं.

तिथल्या डॉक्टर रश्मी स्पष्ट बोलल्या. "तेव्हाच आला असतात तर शेजारच्या बोटाला बांधून भागलं असतं. आता हाड कापून सरळ करावं लागेल." मी तर वाकड्या सांध्यामागे अडकलेलो. मला कटरनं कापलं. दुखलं नाही, लाज मात्र फार वाटली. ऑपरेशन होईपर्यंत गजेंद्रच्या खिशात होतो. त्याची छाती नुसती धडधडत होती. घाबरला होता बिचारा.

हाड सरळ धरायला बोटात तार घातली, ती सहा आठवड्यांनी काढली. माझ्या घरात ती राहून गेली याचं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण बोट सरळ झालं आणि सुभद्रा पुन्हा गल्लीत निघाली.

माणिकबाईंना मात्र चैन पडेना. त्यांनी मला गुपचूप सोनाराकडून जोडून आणलं आणि सुनेच्या पायाशी बसल्या. मी हरखलो, अन् घाबरलोही. माणिकबाईंनी ते बोट हातात घेतलं. टाक्यांच्या व्रणावरून अंगठा फिरवत राहिल्या. त्यांची स्वतःची बोटं सात वर्षांपासून मोकळी आहेत.

"सुभद्रे, म्या तं एक दिवस जोडवं काढलं नोतं वं," त्या म्हणाल्या. "तरी गेलेच ना तुये सासरे."

सुभद्रानं सासूचा हात धरून ठेवला. "राहू दे याले," माणिकबाई म्हणाल्या, आणि मला डबीत टाकलं.

तेव्हापासून मी कपाटात आहे. करमत नाही हो. बाहेर सुभद्राची पावलं वाजतात, भराभर, एकही लंगडं नाही. मी हाक मारत नाही. तुमच्या घरात कोणाचं बोट सुजलं, तर एवढंच करा, आधी मला काढा. मी रागावणार नाही.