रत्नाकरांची बोट

"बाकीची तीन धुरांडी कुठायत, रत्नाकरअण्णा?" मंडळाचे चिटणीस पद्माकर यांनी विचारलं. देखाव्यावरची चादर नुकतीच बाजूला झाली होती आणि गणपती उद्यावर आला होता.

"हिला एकच होतं," रत्नाकर म्हणाले.

बसवनगुडीच्या मराठी मंडळाने अठ्ठ्याण्णवच्या देखाव्याला सिनेमातली ती बुडणारी परदेशी बोट ठरवली होती. सगळं बंगलोर तेव्हा तिच्यासाठी डोळे पुसत होतं. काम अर्थातच रत्नाकरांच्या गळ्यात पडलं. सरकारी कारखान्यात तीस वर्षं लाकडी साचे करणाऱ्या या अबोल माणसाला कुणी कधी काही विचारत नसे, आणि तिथेच मंडळ फसलं.

त्यांनी केली होती 'रामदास'. सत्तेचाळीसच्या जुलैत मुंबईहून रेवसला जाताना बुडालेली. शेजारी काळा फळा, त्यावर मिळतील तशी गोळा केलेली अकरा नावं.

"अहो, ही कुणाला ठाऊक आहे? स्वल्प विचार तरी करायचा."

"सहाशेवर माणसं गेली, पद्माकर. दिव्यांच्या अवसेला घरी निघालेली, साधी माणसं. महिन्याभरात स्वातंत्र्य आलं, मिरवणुका निघाल्या. यांच्यासाठी रडायला सवड कुणाला होती?" जन्मात न चढलेला त्यांचा आवाज चढला. "माझी आई होती हिच्यात. सापडलीसुद्धा नाही. ही काढायची तर मलाही मंडळातून काढा."

पद्माकरांनी चादरीची घडी घातली. दुसरी बोट करायला वेळ तरी कुठे होता?

पहिल्या दिवशी लोक धुरांडं बघून हसले आणि प्रसाद घेऊन गेले. रत्नाकर फळ्यापाशी मान खाली घालून बसून राहिले. दुसऱ्या दिवशी बंगलोरातल्याच शिवाजीनगरच्या वसुमतीअक्का आल्या. त्यांनी अकरा नावं बोट ठेवून वाचली आणि खडू मागितला. "माझा मामा होता हो. आजी रडते म्हणून घरात त्याचं नाव काढायची चोरी होती."

मग बातमी पसरली. कुणी अलिबागला फोन लावला, कुणी पुण्याला. फळा भरला, तेव्हा दुसरा पद्माकरांनीच आणून टांगला.

विसर्जनाच्या आधी त्यांनी सतरंजीवर बसलेल्या मंडळींसमोर नावं वाचायला घेतली. एकाहत्तर झाली होती. कानडी शेजारीही ऐकत होते.

"सगुणाबाई," पद्माकरांनी वाचलं.

एक्कावन्न वर्षांत आईचं नाव असं चारचौघांत कुणी घेतलं नव्हतं. रत्नाकर उठून ताठ उभे राहिले. त्यांच्यामागे वसुमतीअक्का गुडघ्यावर हात टेकून उठल्या, आणि मग सगळी सतरंजी उभी राहिली.