हाकेच्या अंतरावर

मित्रांनो, सणसरला कॅनॉलच्या अलीकडे एक पत्र्याचं घर आहे. त्या घराच्या आतल्या खोलीत, गव्हाच्या कणगीशेजारी, फुलाफुलांच्या चादरीखाली एक पिवळट पडलेला कॉम्प्युटर झाकून ठेवलेला असतो. तो मी. आता माझा पडदा उजळायला फार वेळ लागतो आणि आतला पंखा म्हाताऱ्याच्या छातीसारखा घरघरतो. पण मीही एकेकाळी नवा होतो, आणि मला बघायला माणसं दाराशी गोळा होत होती.

माझा जन्म पुण्याचा. जन्म म्हणजे काय, कुठून कुठून आलेले सुटे भाग एका कारागिराने स्क्रू पिळून जोडले आणि मी झालो. बारामतीच्या मोहनरावांनी मला आपल्या छापखान्यात आणलं, नारळ फोडला, हळदकुंकू वाहिलं. खिळे जुळवून छपाई करण्याचे दिवस तेव्हा संपत आले होते. मला काचेच्या खोलीत बसवलं. लोक चपला बाहेर काढून आत यायचे.

माझ्यावर काम करायची माधवी. सणसरची सून. रोज एसटीने यायची, पदराने कपाळ पुसायची आणि बसायची. तिची बोटं कळफलकावर अशी चालायची, की मला पुढचं अक्षर आधीच कळायचं. लग्नपत्रिका, सोसायट्यांचे अहवाल, जत्रेची पत्रकं. मोहनराव गिऱ्हाइकाला अभिमानाने सांगायचे, "आमच्या माधवीच्या हाताखालून गेलेल्या कागदात चूक घावायची न्हाय."

मग माधवीच्या सासूबाईंची नजर गेली. कौसल्याबाई त्यांचं नाव. डॉक्टर म्हणाले काचबिंदू, उशीर झाला, गेलेली नजर परत यायची नाही. माधवीचा नवरा ऋषिराज दिवसभर उसाच्या वाहतुकीला ट्रॅक्टरवर. घरात तिसरं कोणी नाही. माधवी मोहनरावांपुढे उभी राहिली आणि नोकरी सोडते म्हणाली.

मोहनरावांनी थोडा विचार केला. "सोडतीस कशाला? नवं मशीन यायचंच हाय. हे जुनं घरी घेऊन जा. मजकूर मी वडापच्या जीपनं धाडतो, तू टाइप करून फ्लॉपी त्याच जीपनं परत धाड. सकाळी कर, दुपारी कर, मला काय त्याचं? काम मिळाल्याशी मतलब."

तेव्हा ही गोष्ट सगळ्यांनाच नवलाची होती. नोकरी करायची, पण नोकरीला जायचं नाही! बारामती-सणसर भाड्याने माणसं नेणाऱ्या म्हस्कूच्या वडाप जीपमध्ये, गोधडीत गुंडाळून मी सणसरला आलो. कौसल्याबाईंनी माझ्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "लई गार हाय गं ह्यो. टीव्हीच म्हणायचा का?"

"टीव्ही न्हाय, आत्या. माझं हापिस हाय ते. आता मी दिवसभर तुमच्यापाशीच."

त्या हसल्या. मला अजून आठवतं, तोंडभर हसल्या.

पहिले दिवस फार चांगले गेले. कौसल्याबाई माझ्याच खोलीत बाजेवर बसून बोलायच्या, माधवी टाइप करता करता हुंकार द्यायची. डाळ शिजली की उठायची, आत्यांना हात धरून अंगणापलीकडच्या मोरीपर्यंत न्यायची, परत येऊन बसायची. मजकूर साठवलेली फ्लॉपी धुळीने खराब होऊ नये म्हणून स्टीलच्या डब्यात घालून ती म्हस्कूकडे द्यायची. गावातल्या बाया म्हणायच्या, "नशीब काढलंस बाई. घर बी झालं नि नोकरी बी झाली."

पण मित्रांनो, छापखान्याला संध्याकाळी कुलूप लागायचं. माझ्या खोलीला कुलूप नव्हतं.

काम चांगलं होतं म्हणून जास्त काम येऊ लागलं. वीज जायची, ती आली की माधवीला ताटावरून उठून यावं लागायचं. बोलण्याने चूक होते म्हणून तिने आत्यांची बाज ओसरीत हलवली. धूळ येते म्हणून दार लोटून घेतलं. तिचे हुंकारही कमी झाले. कौसल्याबाई आधी चार गोष्टी सांगायच्या, मग दोन, मग कामापुरती हाक. ऋषिराज एकदा म्हणाला, "घरात असून तू घरात न्हायस गं." माधवीला राग आला. "मग जाऊ का परत बारामतीला?"

त्या दिवशी एका पतसंस्थेचा अहवाल पुरा करायचा होता. दुपारच्या जीपने डबा गेलाच पाहिजे, असा निरोप होता. माझा पंखा घरघरत होता, छताचा पंखा फिरत होता, लोटलेल्या दाराआड माधवीची बोटं धावत होती.

"माधवी, जरा येतीस का? मोरीकडं जायचं हुतं."

"आले आत्या, एवढं पान झालं की."

पान झालं. पुढचं सुरू झालं.

थोड्या वेळाने पुन्हा हाक आली. "माधवी..."

"आले, आले!"

तिसरी हाक आली नाही. माधवीला बरं वाटलं, मला ते तिच्या बोटांवरून कळलं. ती आणखी भरभर चालू लागली.

आणि वीज गेली. मी जागच्या जागी विझलो. पुढचं मला घरातल्यांच्या बोलण्यातून कळलं. दोन्ही पंखे थांबले, घर एकदम शांत झालं, आणि त्या शांततेत अंगणातून कण्हण्याचा आवाज आला. कौसल्याबाई भिंतीला हात लावत एकट्याच निघाल्या होत्या. मोरीच्या कडेला शेवाळ होतं. त्या पडल्या, ते कधी, कोणालाच सांगता आलं नाही. उन्हात फरशीवर पडून होत्या. मांडीचं हाड मोडलं होतं.

म्हस्कू डबा न्यायला आला होता. त्याच जीपमध्ये, पाठीमागचं बाकडं काढून, त्यांना बारामतीला नेलं. मांडीत सळई घातली.

त्या घरी आल्यावर बघायला येणाऱ्यांची रीघ लागली. जो तो माधवीचं कौतुक करी. शेजारची गोजरबाई तर सगळ्यांसमोर म्हणाली, "सून घरात हुती म्हणून म्हातारी वाचली. आमच्या सुना रानात, आमाला कोण बघतंय?"

माधवी खाली मान घालून चहा गाळत राहिली. कप भरून वाहू लागला तरी तिला कळलं नाही.

त्यानंतर तिने मला सुरूच केलं नाही. छापखान्यातून मजकूर आला की ती तसाच परत पाठवायची. झाडताना माझ्या खोलीत यायची, पण माझ्याकडे बघायची नाही. त्या दोन हाका आपण ऐकल्या होत्या, हे आपल्याशिवाय कोणालाच कळलं नाही, असं तिला वाटत होतं.

एके सकाळी ती आत्यांचे पाय चेपत होती. एकाएकी हुंदका फुटला. "आत्या, लोक काय बी म्हणत्यात. मी हाक ऐकली होती. दोन्ही डाव ऐकली होती."

"मला ठावं हाय की," कौसल्याबाई म्हणाल्या. "आले आले म्हणालीस न्हवं का."

"मग पडल्यावर ओरडला का न्हाय? मी धावत आले असते."

कौसल्याबाईंनी चाचपत तिचा हात धरला. मग म्हणाल्या, "वाटलं, तुझं काम मोडंल."

मित्रांनो, सासूने चार शिव्या घातल्या असत्या तर माधवीला सोसल्या असत्या. हे वाक्य तिला सोसलं नाही. ती बाजेच्या कडेवर डोकं टेकवून रडत राहिली आणि त्या आंधळ्या बाईचा हात तिच्या केसांवरून फिरत राहिला.

"मी ते मशीन परत करते," माधवी म्हणाली.

"आणि रोज एसटीनं जातीस? मला कुणाच्या जिवावर टाकून?" कौसल्याबाईंचा आवाज चढला. "मशीननं काय केलंय? दार कुणी लोटलं?"

माधवीने त्या दाराकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी ऋषिराजने खोलीचं दार बिजागऱ्यांसकट काढून गोठ्यात नेऊन टाकलं. बाज पुन्हा माझ्याशेजारी आली. माधवीने मोहनरावांना निरोप पाठवला, काम निम्मं द्या. ते कुरकुरले, पण कबूल झाले. अंगणातलं शेवाळ तिने स्वतः घासून काढलं.

कौसल्याबाई त्यानंतर काठी टेकत का होईना, चालू लागल्या. पण हाक मारायला त्या पूर्वीसारख्या धजल्या नाहीत. तहान लागली तरी नुसत्या खाकरायच्या. तेवढ्यानेच माधवी शब्द अर्धा टाकून उठायची. कधी कधी कोणी खाकरलेलं नसायचं, तरी उठायची आणि बाजेपाशी जाऊन विचारायची, "हाक मारली का, आत्या?"

"न्हाय गं."

ती परत यायची. बोटं कळफलकावर ठेवायची, पण बराच वेळ एकही अक्षर उमटायचं नाही.

मित्रांनो, आता तुमच्याही घरात माझ्यासारखं यंत्र असेल आणि घरबसल्या काम देत असेल. त्याला धुळीपासून जपा, पावसापासून जपा. आणि पलीकडून कोणी हाक मारली, तर त्याला तसंच टाकून उठा. पडद्यावर अर्ध्या शब्दापुढे ती छोटी रेघ लुकलुकत ठेवून मी कितीही वेळ थांबू शकतो. त्या दुपारीही थांबलो असतो.